कडेची ओळ

सोलापूरच्या मे महिन्यात, उजव्या हातात लोकरीचा हातमोजा घालून सायकल चालवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. रोज सकाळी साडेआठला, साइटच्या फाटकातून आत येताना. डावा हात उघडा, रापलेला, सिमेंटनं भेगाळलेला. आणि उजवा हात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला. रस्त्यावरची पोरं हसायची. एकदा सिग्नलला पोलिसानं थांबवून विचारलं होतं म्हणे, "काय रोगबीग झालाय का हाताला?"

"रोग न्हाय साहेब," मिस्त्रीकाका म्हणाले, "हत्यार हाय."

पोलिसानं पंधरा मिनिटं सायकलची पिशवी तपासली.

काका बाथरूमच्या भिंतींना टाइल्स बसवायचे. पण तसं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "टाइल कुणीबी बसवतंय," असं ते म्हणायचे. त्यांचं काम कडेचं. भिंतीवरची टाइल जिथं संपते, म्हणजे दाराच्या चौकटीपाशी, खिडकीच्या वळणावर, साबण ठेवायच्या कोनाड्याला, तिथं तिची कापलेली धार उघडी पडते. ती झाकायला गोल कडेची ॲल्युमिनियमची पट्टी लावतात. पट्टीला मागं भोकं पाडलेला एक चपटा पाय असतो. तो टाइल चिकटवायच्या केमिकलमध्ये दाबायचा, ओळंबा लावून पट्टी सरळ करायची, आणि टाइल बरोबर पट्टीच्या उंचीला आणून टेकवायची. सांगायला एवढंच. काकांना एका आठ फुटी पट्टीला दीड तास लागायचा.

आणि ती बसली की मग तो हातमोजा निघायचा. ते डोळे मिटायचे आणि उजवा तळवा वरून खाली असा फिरवायचे, की बघणारा आपोआप श्वास रोखायचा. तळवा मधे कुठं अडला तर काका डोळे न उघडता म्हणायचे, "काढ." वाद नाही, चर्चा नाही. अख्खी पट्टी परत निघायची. त्या तळव्याला रोज रात्री खोबरेल तेल, त्या हातानं कधी थापी धरायची नाही, वीट उचलायची नाही, सिमेंटला तर शिवायचंच नाही. सगळं रांगडं काम डाव्या हाताचं. आमच्या कंत्राटदार साहेबांनी पहिल्या दिवशी हस्तांदोलनाला हात पुढं केला तर काकांनी डावा दिला. साहेबांचा चेहरा पडला. काकांना त्याचा पत्ताही नव्हता. ते साहेबांच्या मागच्या भिंतीकडं बघत होते.

मी तेव्हा नुकतीच डिप्लोमा करून एका कंत्राटदाराकडं साइट इंजिनिअर म्हणून लागले होते. वय बावीस. हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं. साइटवर मी एकटीच बाई, त्यामुळं सगळे मला मॅडम म्हणायचे, आणि सगळे मॅडमला विचारल्याशिवायच कामं करायचे. काका एकटे विचारायचे. पण काय विचारायचे! "म्याडम, हितं पिंप कुटं ठेवणार?"

"कसलं पिंप?"

"पाण्याचं! सोलापुरात बाथरूम बांधताय आन् पिंपाचा इचार न्हाय? पाणी काय रोज येतंय व्हय? पिंप येणार, ते सरकणार, आन् पयला दणका कडंला बसणार. पुस्तकात न्हाय शिकवलं?"

पुस्तकात खरंच नव्हतं. मी त्या दिवसापासून नकाशात पिंप काढायला लागले. आजही काढते. माझ्या ऑफिसातली मुलं हसतात, हसू देत.

नवीन बाथरूममध्ये गेलं की काका आधी अर्धा तास नुसते बसायचे. पालथ्या घमेल्यावर, भिंतीकडं तोंड करून. मधेच मान हलवायचे, मधेच हसायचे. मी एकदा विचारलं, काय बघता एवढं? म्हणाले, "भित कुटं खोटं बोलतीय ते बगतोय." आणि मग ओळंबा सोडला तर खरंच, त्यांनी बोट दाखवलं होतं तिथंच भिंत अर्धा इंच बाहेर आलेली असायची.

लोकांच्या घरी जेवायला गेले की ते पहिल्यांदा बाथरूम विचारायचे. घरची माणसं लगबगीनं साबण, टॉवेल द्यायची. काका आत जायचे, दार लोटायचे, पाण्याचा आवाज नाही, काही नाही, आणि दहा मिनिटांनी कोरड्या हातांनी बाहेर येऊन यजमानाला म्हणायचे, "कुणी केलंय वो हे? बोलवा त्याला." दोन टाइल्सची टोकं तिरकी घासून एकमेकींना भिडवायची फॅशन नुकतीच आली होती. पट्टी नको, दिसायला फार छान. काकांनी तिचं नाव दाढीचं ब्लेड ठेवलं होतं. "आज छान दिसतंय. उद्या टवका उडंल आन् कुणाचं तरी कोपर फाडंल. मग बघा शोभा."

माझ्या लग्नाला ते आले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातमोजा. अक्षता पडायच्या वेळी बघते तर कुठं दिसेनात. जेवणाच्या पंगतीला एकदम समोर उभे. सदऱ्यावर पांढरी धूळ. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "नवरीच्या खोलीतल्या बाथरूमची कड लई धारंची हुती. घासून आलोय. पॉलिश पेपर खिशातच असतोय माझ्या. तुझा शालू अडकला असता की!" माझ्या सासूबाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे गुरू. सासूबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि काका इतके घाबरले की मठ्ठ्याचा पेला तिथंच ठेवून पळाले.

गुरू मी उगाच म्हटलं नव्हतं. त्याला कारण वसतिगृहाचं काम.

गावाबाहेरच्या बाजूला अंध मुलींचं एक नवीन वसतिगृह बांधायचं काम आमच्याकडं आलं होतं. काम चांगलं चाललं होतं, फक्त वेळेचं गणित बसत नव्हतं. मुली ज्या भाड्याच्या इमारतीत राहायच्या, ती सोमवारी सकाळी रिकामी करून द्यायची होती. सोमवारी दुपारी चाळीस मुली आपापल्या ट्रंका घेऊन नवीन इमारतीत येणार, हे ठरलेलं. पुढं ढकलायला जागाच नव्हती. खालच्या मजल्यावर एका ओळीत सहा बाथरूम होत्या. तेवढंच काम उरलेलं.

काकांचा नियम होता: भिंतीचा मधला भाग बाकीच्या कारागिरांनी भरायचा, पण कडेची शेवटची ओळ आणि पट्टी त्यांच्यासाठी सोडायची. तसं सहाही बाथरूममध्ये सोडलं होतं. आणि नेमके त्याच वेळी काका दोन दिवस केम गावाला गेले, पुतणीच्या लग्नाला. जाताना मला बजावून गेले, "कडंला कुणी हात लावायचा न्हाय."

इथं माझी चूक सांगायला हवी. खरं तर दोन चुका.

पहिली अशी की टाइल आधी आठ मिलिमीटर जाडीची ठरली होती. मी त्या मापाच्या पट्ट्या मागवल्या. नंतर टाइल बदलली, दहा मिलिमीटरची आली. पट्ट्यांची ऑर्डर बदलायची मी विसरले. माल आला तेव्हा एक टाइल पट्टीला लावून बघितली, तर टाइल दोन मिलिमीटर वर उभी. आणि मग मी स्वतःला सांगितलं, दोन मिलिमीटरनं काय होतंय? फटींत भरायच्या ग्राउटमध्ये झाकून जाईल. कुणाला सांगितलं नाही.

दुसरी चूक त्याच्याही वरची. सोमवार जवळ यायला लागला तशी मी घाबरले, आणि काका नसताना बाकीच्या दोघा कारागिरांना म्हटलं, दोन बाथरूमच्या कडा तुम्हीच करून टाका. त्यांनी केल्या. ग्राउट भरलं. लांबून अगदी सुंदर दिसत होतं.

बुधवारी सकाळी काका केमहून थेट साइटवर आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी लग्नातली बुंदी. पहिल्या बाथरूमच्या दारात उभे राहिले. कड भरलेली दिसली. मी मागंच उभी होते, म्हणणार होते, काका थांबा. तोवर त्यांनी हातमोजा काढला, डोळे मिटले आणि तळवा वरून खाली फिरवला.

छातीएवढ्या उंचीवर हात थांबला. त्यांनी तो उचलला, डोळ्यांसमोर धरला. करंगळीखालून अंगठ्यापर्यंत एक सरळ लाल रेघ उमटली होती, आणि बघता बघता ती भरून वाहायला लागली.

एवढी वर्षं जपलेला हात! मी ओढणी काढून गुंडाळायला धावले. काका शांत होते. ते हाताकडं बघतच नव्हते. खाली वाकून पट्टीकडं बघत होते.

"आठची पट्टी हाय," ते म्हणाले. "टाइल धाची."

कारागीर माझ्याकडं बघायला लागले. काका मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

"तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"आन् गप बसलीस."

मी रडायला लागले. म्हटलं, काका, साहेबांना कळलं तर मला काढून टाकतील. तुम्ही सांगा ना, की दुकानदारानं चुकीचा माल पाठवला.

"म्या न्हाय सांगणार," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हितं कोण ऱ्हाणार हाय, ठावं हाय की तुला? आपुन डोळ्यानं बघून हात लावतो. त्या पोरी हातानं बघत्यात. तू त्यांच्या डोळ्यात पातं लावून ठिवलंस, पोरी. जा. सांग तुझ्या साहेबाला. सांगून आलीस की पुढचं माझ्याकडं."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला म्याडमऐवजी पोरी म्हटलं.

साहेब शेजारच्या खोलीत इलेक्ट्रिशियनशी बोलत होते. मी गेले आणि सगळं सांगितलं, अगदी लपवल्याचंसुद्धा.

"म्हणजे सहाही बाथरूमच्या पट्ट्या बदलायच्या? आज बुधवार आहे! सोमवारी मुली येणार आहेत!"

"हो सर."

"कोण करणार?"

"येतील की सोमवारी पोरी," दारातून काकांचा आवाज आला. हाताला माझी ओढणी, ओढणीवर लाल डाग. "बाथरूम तयार असतील. फकस्त पट्टी आना."

साहेबांनी आमच्यासमोरच दुकानांना फोन लावले. सोलापुरात त्या मापाची, गोल कडेची पट्टी एवढ्या संख्येनं कुणाकडंच नाही. पुण्यात एका व्यापाऱ्याकडं होती. पण ट्रान्सपोर्टनं पोचायला शनिवार उजाडणार. साहेब डोक्याला हात लावून बसले. मला म्हणाले, "तुझ्याबद्दल सोमवारनंतर बोलू." मी मान डोलावली.

काकांनी डॉक्टरकडं जाऊन पाच टाके घालून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस हाताला काम नाही. काका व्हय म्हणाले, आणि गुरुवारी पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेले!

त्या प्रवासाची गोष्ट त्यांनी नंतर मला निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि वीसही वेळा मी पोट धरून हसले. चोवीस पट्ट्या, आठ-आठ फुटांच्या, दोन चादरींत गुंडाळलेल्या, आणि एका हाताला बँडेज बांधलेला हा माणूस जनरलच्या डब्यात. मोळी बाकावर मावेना, उभी करावी तर छताला टेकते, म्हणून वरच्या फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी ठेवली. तपासनीस आला.

"हे काय आहे?"

"कडा हायत्या साहेब."

"कसल्या कडा?"

"भितीच्या. भित संपती की, तिथल्या."

तपासनीस म्हणाला, लगेजचं तिकीट काढा, नाहीतर उतरवा. काकांनी एक पट्टी सोडवली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "डोळं मिटा आन् हात फिरवा." का कुणास ठाऊक, त्या भल्या माणसानं फिरवला. काकांनी त्याला वसतिगृहाचं, मुलींचं, सोमवारचं सगळं सांगितलं. कुर्डुवाडी येईपर्यंत अख्ख्या डब्यानं पट्टीवरून हात फिरवून झाला होता. तिकीट तपासनीसानं फाडलंच, नियम म्हणजे नियम, पण कुर्डुवाडीला गर्दी आत घुसली तेव्हा तोच दारात उभा राहून ओरडत होता, "वरच्या सामानाला धक्का लावू नका! अंध मुलींचं आहे ते!"

संध्याकाळी मी स्टेशनवर टेम्पो घेऊन गेले. डब्यातून चौघं-पाचजण पट्ट्या उतरवत होते, आणि काका मागून ओरडत होते, "वाकवू नगा, वाकवू नगा!"

शुक्रवारी सकाळी आम्ही भिडलो. आम्ही म्हणजे खरंच आम्ही. आधी भरलेल्या दोन बाथरूममधली कडेची ओळ मी स्वतः छिन्नी-हातोडीनं काढली. बोटांना फोड आले. काकांचा डावा हात नेहमीसारखाच चालत होता. रांगड्या कामाची सवय त्यालाच होती. पट्टी कापायची, कोनाड्याच्या कोपऱ्यावर पंचेचाळीस अंशात मिळवायची, केमिकल पसरायचं, पट्टीचा पाय दाबायचा, भोकांतून केमिकल वर आलं की ओळंबा धरायचा. त्यांचा डावा हात पट्टीवर आणि दोन्ही कारागीर टाइल धरून. "दाब. थांब. पट्टीच्या बरुबर. वर नगं, खाली नगं. दोन मिलिमीटरची फट ऱ्हाऊ दे. हां!"

पहिली पट्टी बसली. सगळे थांबले. काकांनी सवयीनं उजवा हात उचलला. हातभर बँडेज. तो हात त्यांनी खाली घेतला आणि माझ्याकडं वळले.

"तू लाव."

"मी?"

"मग कोन? माझा हात घालवलास. आता तुझा दे."

मी डोळे मिटून तळवा फिरवला. "ठीक आहे," म्हटलं.

"खोटं. परत."

परत फिरवला. काहीच जाणवलं नाही. तसं सांगितलं.

"घाई करतीयास. आनी दाबतीयास. हात टेकव फकस्त, दाबू नगंस. मांजराच्या पिलाच्या पाठीवरनं फिरवतीस तसा."

तिसऱ्या वेळी, गुडघ्याच्या जरा वर, केसाएवढं काहीतरी तळव्याला शिवून गेलं. मी दचकलेच. "इथं! काका, इथं काहीतरी आहे!"

"घावलं?" काका ओरडले. "घावलं की न्हाय? म्हाईत हुतं मला, हाय तितं! बघून दिसतंय मला, पर तुला घावतंय का ते बघत हुतो!" आणि तो साठीचा माणूस सिमेंटच्या पोत्यांमध्ये टाळ्या वाजवायला गेला आणि टाके दुखून "आय आय आय" करत खाली बसला. आम्ही सगळे हसत सुटलो. मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा शब्द उच्चारला: "काढा."

तीन दिवस तसेच गेले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी उभ्या-उभ्या खायची, पाणी प्यायचं, परत आत. साहेब शनिवारी आले, बूट काढले, पँट दुमडली आणि ग्राउट कालवायला बसले. रविवारी दुपारी सहाव्या बाथरूमची शेवटची पट्टी बसली. सोमवारी सकाळी मी सहाही बाथरूममधल्या प्रत्येक कडेवरून हात फिरवला. वर, खाली, कोनाड्यात, खिडकीत. कुठं काही म्हणजे काही लागलं नाही. काका माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. शेवटच्या कडेला मी डोळे उघडले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मला रडू येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं.

दुपारी मुली आल्या. केवढा गलका! ट्रंका, बादल्या, एकमेकींच्या खांद्यावर हात, रेक्टरबाईंची धावपळ. इमारतीची ओळख करून द्यायला त्या मुलींना पाच-पाचच्या गटानं सगळीकडं फिरवत होत्या. बाथरूमच्या ओळीत पहिला गट आला तेव्हा काका भिंतीला चिकटून उभे होते, परीक्षेच्या निकालाला थांबल्यासारखे.

पुढं होती ती रेणुका, करकंबची, दहावीतली. उंच, बोलकी. तिनं पहिल्या बाथरूममध्ये जाऊन भिंतीवरून हात नेला, दाराच्या कडेवरून वळवला, कोनाड्यात घातला. मग दुसरीत. मग तिसरीत. बाहेर येऊन म्हणाली, "बाई, किती गुळगुळीत आहे! जुन्या ठिकाणी सारखं खरचटायचं." काका हळूच हसले. पण ती तिथंच थांबून परत परत दाराच्या कडेवरून हात फिरवत होती.

"काय गं?" रेक्टरबाईंनी विचारलं.

"सगळ्या सारख्याच लागतायत. आपण कितवीत आहोत ते कळतच नाही. जुन्या ठिकाणी प्रत्येक दाराची कड वेगळी तुटलेली होती ना, हात लावला की कळायचं ही माझी, ही सुमनची. इथं काहीच लागत नाही."

काकांचा चेहरा बघवेना. ज्या तीन शब्दांसाठी ते उभं आयुष्य राबले, ते शब्द ती तक्रार म्हणून बोलत होती. काहीच लागत नाही.

रेक्टरबाई म्हणाल्या, "दारावर ब्रेलच्या पाट्या लावू."

"दार आत उघडतं बाई, पाटी आत जाते," रेणुका म्हणाली. "आणि सकाळच्या घाईत हात आधी कडेलाच येतो."

काका तिच्याकडं बघत होते. मग त्यांनी पिशवीतून गोल कानस काढली.

मला कळलं ते काय करणार आहेत. मी म्हटलं, "काका, नको. पट्टी खराब होईल. आपण दुसरं काहीतरी करू."

"सर जरा," ते म्हणाले. आणि रेणुकाला विचारलं, "पोरी, तुझा हात कडंला कुटं येतोय? चालत येतीस तशी ये, आन् ठेव."

ती आली, तिनं ठेवला. त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. मग त्या निर्दोष, आरशासारख्या पट्टीवर, जिच्यासाठी ते पाच टाके घेऊन पुण्याला गेले होते, त्यांनी डाव्या हातानं कानस ठेवली आणि ओढली. त्या आवाजानं माझ्याच अंगावर काटा आला. त्यांनी एक खाच केली, उथळ, गोल, आणि पॉलिश पेपरनं तिची धार मारून टाकली. "बग."

"एक!" रेणुका ओरडली.

दुसरीला दोन. तिसरीला तीन. तोवर सगळ्या मुली जमल्या होत्या. ओळंब्यालाही जिथं चूक सापडली नसती, तिथं काका खाचा पाडत चालले होते, आणि मागून मुलींची रांग, एकमेकींना ढकलत, बोटं फिरवत, "तीन! ही तीन!" "मला बघू दे!" "चार गं, चार!" असा आरडाओरडा. काकांना घाम फुटला होता, टोपी मागं सरकली होती, आणि ते हसत होते. इतके मोकळे हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

सहावी झाली. काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तेवढ्यात ओळीतून एक आवाज आला. सगळ्यात लहान मुलगी होती ती, सात-आठ वर्षांची, पाचव्या दाराशी उभी.

"काका, हे चुकलंय. ही पाचवी ना? इथं चारच आहेत."

मी धावत जाऊन हात लावला. चारच होत्या. एवढ्या वर्षांत या माणसाच्या कामात चूक काढायची कुणाची छाती झाली नव्हती.

काका आले. तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले. खाचा मोजल्या.

"व्हय की," ते म्हणाले. आणि मग एवढ्या मोठ्यानं, की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या साहेबांनी वळून बघितलं, "चुकलो की वो बाई! तुमचंच बरुबर हाय!"

मुलगी खुदकन हसली. काकांनी तिचं बोट धरून चौथ्या खाचेवर ठेवलं. "हाललं न्हाय पायजे बरं का," म्हणाले, आणि त्या एवढ्याशा बोटाच्या खाली कानस टेकवून पाचवी खाच पाडायला लागले.